सहा नंबरचा डावा

दि. ४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र कशाला, फोन का नाही, असं विचारू नकोस. फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मग वहिनीच्या हातात देऊन मोकळा होतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं तरी लागतं.

आधी तक्रार. तुमच्या कारखान्याच्या सँडलचं हे काय चाललंय? अकरा वर्षं मी त्या वापरते आहे, ही पाचवी जोडी. अकरा वर्षं अख्ख्या हॉस्पिटलनं माझ्या पायांकडे बघून हसून घेतलं. तो रुंद पुढा, जाड तळवा, दोन आडवे पट्टे आणि चहाच्या चोथ्यासारखा रंग. वॉर्डातल्या मुली त्यांना होड्या म्हणायच्या. बाहेरचे पाहुणे बघायला येणार होते तेव्हा मेट्रनबाईंनी मला मुद्दाम मागच्या रांगेत उभं केलं, होड्या दिसू नयेत म्हणून. आणि आता? कुणी एक नटी म्हणे त्या घालून विमानातून उतरली. झालं! मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात त्या काचेमागे मखमलीवर ठेवल्यात, वर स्वतंत्र दिवा. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई त्याच घालून येतात. काल लिफ्टमध्ये एका मुलीनं मला विचारलं की इतक्या छान जुनाट दिसणाऱ्या मला कुठे मिळाल्या. मी म्हटलं, दोन वर्षं रोज बारा तास उभी राहा, आपोआप दिसतील.

तू हसत असशील, पण मला खरंच राग येतो. कुणी हसत होतं तेव्हा त्या माझ्या होत्या. आता सगळ्यांच्या झाल्यात आणि मीच फॅशन करते असं नव्या मुलींना वाटतं. या वयात!

आता कामाचं. ही जोडी संपत आली. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी तळवा पार दबलाय. तू करून पाठवतोस तशी नवी जोडी लवकर पाठव. परवा ही शिवायला टाकली तेव्हा अर्धा दिवस साध्या चपला घातल्या, तर अंगठ्याच्या मुळाशी वर आलेलं ते हाड असं पेटलं की औषधाची ट्रॉली धरून उभी राहिले. दुकानात आता तुमच्याकडचं नवं, निमुळतं मॉडेल येणार असं ऐकलं. त्याच्या भरीला पडू नका रे बाबांनो. माझ्या पायाचं माप जगात तुझ्याखेरीज कुणाकडे आहे?

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा ठेव, वाढवलास तरी माझी हरकत नाही.

तुझी,
टकळी

---

दि. १२ जून

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबतच्या खोक्यात तुझी जोडी आहे. जपून वापर. ही बहुतेक शेवटची. का ते लिहितो. हे पत्र वाचून फाडून टाक आणि उत्तर माझ्या एकट्याच्या नावानं पाठव.

तुला वाटतं मी तुझ्यासाठी दर वेळी वेगळी जोडी करतो. तसं नाही. आमच्याकडे फर्म्यावर काम चालतं. फर्मा म्हणजे लाकडाचा पाय. प्रत्येक नंबरची एक मूळ जोडी मी कोरायची, तिच्यावरून बाकीचे फर्मे निघायचे आणि त्यांच्यावर सँडल चढायची. अकरा वर्षांपूर्वी तुझे पाय बघून मी थोरल्या मालकांना विचारलं होतं की बहिणीसाठी एक वेगळा डावा कोरू का. त्यांनी साफ नाही म्हटलं. एका पायासाठी कारखान्याचं लाकूड आणि वेळ घालवायचा नाही, हा त्यांचा नियम. त्याच आठवड्यात सहा नंबरची मूळ जोडी नव्यानं कोरायची होती. उजवा मी बरोबर मापाचा कोरला. डावा तुझ्या पायाचा कोरला. पुढा सात मिलिमीटर जास्त रुंद, हाडाला जागा सोडलेली. मालकांनी उजवा हातात घेतला, छान म्हणाले आणि निघून गेले.

तेव्हापासून आमच्या कारखान्यातली प्रत्येक सहा नंबरची डावी सँडल तुझ्या पायाची निघते. कुणाची तक्रार आली नाही. फार तर डावीकडे जरा सैल होते म्हणायचे आणि पट्टा एक भोक आत घ्यायचे. वापरणाऱ्या तुझ्यासारख्या उभं राहून काम करणाऱ्या बायका, त्यांना सैलच बरी वाटायची.

आता मागणी एवढी वाढली आहे की धाकट्या मालकांनी मोजणीचं मशीन आणलं. सगळे फर्मे त्यातून काढून प्लॅस्टिकचे करणार. परवा सहा नंबर घातला आणि डावा-उजवा जुळेना. मोठ्या दुकानाचा माणूस तिथेच उभा होता. सहा नंबरचा सगळा माल थांबवलाय. मालकांनी मला विचारलं. मी एवढंच म्हणालो की घासताना कमीजास्त होतं कधी कधी. तेवढ्यावर ते गेले.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. काय करावं ते तूच लिही.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
दादा

---

दि. १७ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी आधी हसले. ड्रेसिंगच्या खोलीत दार लावून एकटीच हसले. म्हणजे त्या लिफ्टमधल्या मुलीच्या पायात माझा पाय! भूलवाल्या बाईंच्याही! वेडा आहेस का रे तू? मग हसू गेलं.

माझं ऐक. गप्प राहा. कुणी काही विचारलं तर आधी म्हणालास तेवढंच म्हण. मशीनचे फर्मे झाले की जुनं लाकूड कोण उकरत बसणार आहे? इतकी घाई चाललीय तिथे, चार दिवसांत विसरतील. उगाच हरिश्चंद्र व्हायला जाऊ नकोस. फर्मा सरळ करून टाक, माझ्या पायाचं मी बघून घेईन. ही नवी जोडी मी दोन काय, चार वर्षं पुरवीन.

जुनी जोडी नेहमीसारखी पार्सलनं पाठवली आहे. झीज बघून काय ते तुला कळतं म्हणतोस, म्हणून. या वेळी बघायचं कारण नाही, पण सवय मोडवत नाही.

पत्र फाडलं आहे. जेवत जा वेळेवर.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
टकळी

---

दि. २९ जून

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

माझं पत्र बघून दचकला असाल. तुमची पत्रं मी वाचलेली नाहीत. ह्यांनी ती कुलुपात ठेवली आहेत, आणि चष्मासुद्धा जागेवर न ठेवणारा माणूस कुलूप लावतो म्हणजे काहीतरी शिजतंय, एवढं मला कळतं.

ह्यांचं जेवण निम्म्यावर आलंय. आरशापुढे गालाला साबण लावून तसेच उभे राहतात. विचारलं की खेकसतात. कारण मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. परवा पॉलिशकाकांच्या बायको आल्या होत्या. पॉलिशकाका म्हणजे ह्यांच्या शेजारच्या बाकावरचे. ह्यांनी कोरलेल्या फर्म्यांना काचपेपर मारून गुळगुळीत करतात, एकतीस वर्षं तेच काम. तुम्हाला आठवत नसतील, ते बोलतच नाहीत कुणाशी फारसे. माझी शिवणाची कात्री त्यांच्याकडे होती, ती परत द्यायला आल्या. जाता जाता सांगितलं की काकांना मालकांनी कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. म्हणे सहा नंबरचे उजवे फर्मे काकांनी जास्त घासले, म्हणून डाव्याशी जुळत नाहीत आणि एवढी मोठी ऑर्डर अडकली. बाई रडल्या नाहीत की काही नाही. फक्त म्हणाल्या, त्यांचा हात असा चुकेल असं वाटत नाही हो.

मी ह्यांना हाक मारली. हे आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाहीत. बाई पायऱ्या उतरून गेल्यावर बाहेर आले आणि कात्री उचलून कपाटात ठेवली.

मला आतलं काही विचारायचं नाही. पण ह्या घरात ते ऐकतात ते फक्त तुमचं. काहीतरी लिहा. मला भीती वाटायला लागली आहे.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
वहिनी

---

दि. ३ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीनं कळवलं. तिच्यावर चिडू नकोस. तुझ्या शेजारच्या बाकावरचा माणूस घरी बसलाय आणि तू मला त्याबद्दल एक ओळ लिहिली नाहीस.

घासताना कमीजास्त होतं, हे तुझं वाक्य मी वाचलं होतं. वाचून पुढे गेले. घासतं कोण, हे मला विचारावंसं वाटलं नाही. वर तुला लिहिलं की तेवढंच म्हणत राहा. म्हणजे काकांना घरी बसवण्यात माझाही हात आहे. तो मी नाकारत नाही. त्याची मला लाज वाटते, आणि ती लाज तुझ्यावर राग काढून कमी होत नाही हे दोन दिवस करून बघितलं.

दादा, तू नऊ वर्षांचा होतास आणि मी सहा. बाबांच्या दुकानातला तो लोखंडी ठोकळा मला उचलून दाखवतो म्हणालास आणि तुझ्या हातातून सुटून माझ्या डाव्या पायावर पडला. बाबा धावत आले तेव्हा मी सांगितलं की मीच ओढला. तू शेजारी उभा होतास आणि तू काही बोलला नाहीस. त्या गोष्टीबद्दल मी तुला कधी बोलले नाही, आजही बोलले नसते. लहान होतास, घाबरला होतास, आणि मला ते मनापासून करावंसं वाटलं होतं. पण काकांनी काही स्वतःहून ओढून घेतलेलं नाही. ते तू त्यांच्यावर ढकललंस, आणि तेही अर्ध्या वाक्यानं.

आता नीट वाच. तू पाठवलेली जोडी मी खोक्यात परत ठेवली आहे आणि खोकं कपाटावर टाकलंय. आजपासून मी हॉस्पिटलचे पांढरे बंद बूट घालते आहे. तू मालकांपुढे जाऊन खरं काय ते सांगितलंस असं मला कळेपर्यंत मी त्या सँडलला पाय लावणार नाही. ही धमकी समजायची तर समज. त्या सँडल घालून मला वॉर्डात उभं राहवत नाही. एका माणसाच्या जागेवर उभी आहे असं वाटतं.

किती दुखतं हे तुला सांगायला नको. माप तुझ्याकडेच आहे.

लोभाचं या वेळी तूच ठरव.
टकळी

---

दि. ८ जुलै

चि. टकळीस,
अ. उ. आ.

हट्ट करू नकोस. तुला शपथ आहे. पाहिजे तर मला शिव्या दे, पण ते बूट काढ. त्या हाडावर कातडी किती पातळ आहे हे मी अकरा वर्षं बोटांनी मोजलेलं आहे. एकदा फुटली की महिनाभर भरत नाही.

मी सांगणार नाही असं म्हणत नाही. पण ऑर्डर एकदा जाऊ दे. वीस-बावीस दिवसांत माल सुटेल, मालक खुशीत असतील, तेव्हा हळूच बोलेन, काकांना परत घ्यायला लावेन. आत्ता बोललो तर मलाही घरी बसवतील, मग दोघंही घरी. त्यात कुणाचं भलं आहे? गेल्या तीन दिवसांत दोनदा मालकांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा आत कुणीतरी होतं.

ते ठोकळ्याचं तू लिहायला नको होतंस. मी ते विसरलो आहे असं तुला वाटलं का?

बूट काढ.
दादा

---

दि. १३ जुलै

ती. दादास,
न. वि. वि.

आज अकरावा दिवस. चौथ्या दिवशी फोड आला, सातव्या दिवशी फुटला. ड्रेसिंग मीच करते. दुसऱ्याचं करताना हात हलका असतो, स्वतःचं करताना राहत नाही. काल ऑपरेशनची हत्यारं ठेवलेला ट्रे हातातून सुटला. पेशंटला काही झालं नाही, पण सगळं पुन्हा उकळावं लागलं आणि नव्या मुलींच्या देखत मेट्रनबाईंनी मला बसून करायच्या कामावर टाकलं. रजा घे म्हणाल्या. मी नको म्हटलं.

केबिनमध्ये कुणीतरी असणारच. कारखाना आहे तो. कुणी असताना सांग.

बावीस दिवस मी मोजीन, पण पाय मोजेल असं वाटत नाही.

टकळी

---

दि. १९ जुलै

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सांगितलं. बूट काढ. हे पत्र पुढे वाचायच्या आधी काढ.

तुझं पत्र सोमवारी आलं. मंगळवारी कामावर गेलो आणि पिशवीसुद्धा खाली न ठेवता सरळ मशीनच्या खोलीत गेलो. मालक होते, मोठ्या दुकानाचा माणूस होता, मशीनवरची दोन पोरं होती. मी म्हणालो की सहाचा उजवा बरोबर आहे, डावा मी जाणूनबुजून चुकीचा कोरला, काकांचा संबंध नाही. मालकांना आधी कळेचना. मग त्यांनी विचारलं की अकरा वर्षं मी हे लपवलं का. मी हो म्हणालो. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मशीनवरच्या पोरांना म्हणाले, नवीन सहा नंबर उजव्यावरून उलटा करून घ्या. पाच मिनिटांत पडद्यावर नवा डावा तयार झाला. गुळगुळीत, उजव्याला आरशात धरल्यासारखा. तुझा डावा त्यांनी बाकीच्या लाकडाबरोबर बॉयलरकडे पाठवला. मी मागितला, दिला नाही.

मला काढलं नाही. पॅकिंगला टाकलंय. खोक्यात पातळ कागद घालायचा, वर सँडल, वर नटीचा फोटो. कोरायच्या पटाशा जमा करून घेतल्या. दोन वर्षं काढीन कशीबशी. वहिनीला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली की आता जेवा.

मग काकांकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, दारातच ते खुर्चीचा पाय बसवत होते. बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, मालक उद्या निरोप पाठवतील हेही सांगितलं. ते खुर्ची हलवून बघत होते. मग म्हणाले की डावा रुंद आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दिवसभर हेच करणाऱ्या हाताला मशीन लागत नाही. अकरा वर्षांत सहाचे सगळे डावे त्यांच्या हातांखालून गेले, आणि त्या हाडाच्या जागेवर त्यांनी कधी काचपेपर जोरात मारला नाही. मी विचारलं की मग मालकांना का सांगितलं नाही, निदान घरी पाठवलं त्या दिवशी तरी. ते म्हणाले की कोरलं तू होतंस, सांगायचं तुझं होतं. म्हणाले, मी वाट बघितली.

टकळे, मला जिना उतरता येईना.

त्यांनीच मागून विचारलं की पाय कुणाचा. मी सांगितलं, बहिणीचा. कसा झाला तेही सांगितलं. सगळं सांगितलं, ठोकळा कुणाच्या हातातून सुटला तेसुद्धा. त्यांनी खुर्ची भिंतीला लावली. मग म्हणाले की तुझ्या जुन्या जोड्या माझ्या बाकावर यायच्या तेव्हा ते बघायचे. उजवी टाच बाहेरच्या अंगाला जास्त झिजलेली असते, दर जोडीला थोडी अधिक. म्हणाले, त्या बाई डाव्याला जपायला सगळा भार उजव्यावर टाकतात, त्यांचा उजवा गुडघा गेली तीन-चार वर्षं दुखत असणार. त्याला वेळेवर दाखवा म्हणावं.

कालपासून ते कामावर आहेत. जेवणाच्या सुट्टीत लांबच्या बाकावर बसतात. माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील असं मी धरूनही चाललेलो नाही.

गुडघ्याचं खरं आहे का गं? मी तर फक्त डावा बघत आलो.

चुकलेल्यालाही आशीर्वाद देता येत असेल तर तुझा
दादा

---

दि. २४ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बूट काढले. पाय भरतोय. सँडल घातल्या आहेत, अजून पट्टा सैलच ठेवलाय. काल भूलवाल्या बाईंनी त्यांच्या सँडल काढून टाकल्या, म्हणाल्या आता सगळेच घालतात, मजा गेली. येत्या वर्षात आणखी पुष्कळ जणी काढतील. मी नवी जोडी कुठून आणू हे मात्र मला माहीत नाही आणि आज त्याचा विचार करणार नाही. पॅकिंगमध्ये तू हळूहळू काम कर, कागदाची कड कापते बोटाला. तुझ्यावरचा राग गेला का, असं विचारलंस तर बराचसा गेला. राहिलेला तू इथे आलास की बघू. सुट्टी मिळाली की चार दिवस येऊन जा, वहिनीला घेऊन.

गुडघ्याचं खरं आहे. चार वर्षं झाली. मी तुला लिहिलं नाही, वहिनीला बोलले नाही, इथल्या डॉक्टरांनाही दाखवलं नाही. वॉर्डात रोज माझ्या शेजारी उभं राहणाऱ्या एकीलाही ते कळलेलं नाही. ज्यांनी मला कधी पाहिलं नाही, आणि ज्यांना घरी बसवलं जात असताना मी तुला गप्प राहा म्हणून लिहिलं, त्यांना कळलं.

काकांचा पत्ता पाठव. खरं तर सकाळपासून कागद घेऊन बसले आहे. तारीख घातली. इतकी बोलणारी मी, पण मायना काय लिहू ते कळत नाही. तू सांगू शकशील का?

टकळी